अर्धा घण

दिवसभर लोक मला एकच गोष्ट सांगतात, कमी करा. भंगार विकायला आलेला म्हणतो, वजनातली घट कमी धरा. सळई न्यायला आलेला म्हणतो, भाव कमी करा. घरी गेल्यावर बायको म्हणते, आवाज कमी करा. या सगळ्यांना काय उत्तर द्यायचं ते मला येतं, त्याच्यावरच माझं घर उभं राहिलं. या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी गोल्फ शिकवणारे सरही म्हणाले, "शेठ, मागं कमी न्या," तेव्हा सवयीने मी त्यांच्याशीही भाव करायला लागलो.

मैदान जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. आमच्या लोखंडाच्या धंद्यातल्याच एका कारखानदाराने आपल्या माळावर गवत लावलं, जाळ्या बांधल्या, रबराच्या चटया टाकल्या. संभाजीनगरहून दर रविवारी सर येतात. तिशीतला मुलगा आहे, गोड बोलतो. मोठे सौदे आता आडतीत किंवा चहाच्या टपरीवर होत नाहीत, या गवतावर होतात, हे मला जरा उशिराच कळलं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी ती काठी हातात धरली.

सरांचं म्हणणं असं होतं की चेंडू मारायच्या आधी मी काठी फार मागे नेतो. खांद्यावरून, पाठीमागून, पार कमरेच्या खाली. तेवढी मागे गेली की अंग डोलतं, तोल जातो, काठीचं तोंड वाकडं होऊन येतं आणि चेंडू उजवीकडच्या तुरीत जातो. काठी मागे नेण्याला ते बॅकस्विंग म्हणतात. "अर्धाच न्या. छातीपर्यंत हात गेले की बस."

"पाऊण," मी म्हणालो.

"अर्धा, शेठ."

"बरं, पाऊणपेक्षा थोडा कमी."

सर हसले. बाजूच्या चटईवर बियाण्याचा धंदा करणारे सुरेशशेठ उभे होते, तेही हसले आणि म्हणाले, "अहो, त्यांना नका शिकवू सर. ते चेंडू मारायलेच न्हाई. घण मारून राह्यले."

सगळे हसले. मी काठी खाली टाकली आणि सुरेशशेठला त्यांच्या न उगवणाऱ्या बियाण्यापासून सुरुवात करून बरंच काही बोललो. इथे लिहिण्यासारखं ते नाही. मग गाडीत जाऊन बसलो. सुरेशशेठला काहीच माहीत नव्हतं. कुणीही सहज करील अशी ती थट्टा होती. माहीत नसताना त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी सरांनी बाजूला घेऊन विचारलं, "पण शेठ, ही पद्धत तुम्हाला लागली कुठून? इतका गोल झोका कुणी शिकवल्याशिवाय येत नाही."

"विटीदांडू," मी म्हणालो. म्हणताना मान खाली गेली, ती चेंडूकडे बघायचं निमित्त करून तशीच ठेवली.

तो झोका माझ्या मायचा आहे.

आम्ही घिसाडी. गाडीवर संसार, गाडीखाली कुत्रं, आणि गाव येईल तिथे पाल. कापसाचे दिवस आले की परतूरला, बाजाराच्या कडेला. उन्हाळा तापला की केदारखेड्याला, नदीच्या अलीकडे, एका लिंबाखाली. पेरणीच्या आधी कुळवाची पास, पाभरीचे फण, खुरपी, विळे घेऊन लोक तिथेच यायचे. आमची बोली वेगळी होती, पण पालाबाहेर माय आणि बा मराठीच बोलत, आणि आता माय घरातही तीच बोलते.

नव्या जागी उतरलो की आधी ऐरणीचा खड्डा खोदला जायचा. चूल नंतर. माय मातीवर पाणी शिंपडायची, बा ऐरण रोवायचा, पायाने माती दाबायचा. त्या ओल्या मातीचा वास, कोळशाचा पहिला करडा धूर, चामड्याच्या भात्याचा जनावरासारखा श्वास. मग लाल झालेलं लोखंड पाण्यात गेल्यावर चर्र होऊन येणारी वाफ. तिला एक चव असते. जिभेवर येते, जुन्या पैशासारखी. जालन्याच्या कारखान्यांत मी आज टनांनी लोखंड वितळताना बघतो, पण ती चव तिथे मिळत नाही.

बा खाली बसायचा. डाव्या हातात सांडशी, सांडशीत तापलेलं लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. माय समोर उभी राहायची, हातात घण. बा हातोडीने लोखंडावर टिंग करायचा, म्हणजे इथे मार. माय तिथेच मारायची. टिंग, धाड. टिंग, धाड. बाने ऐरणीच्या रिकाम्या कडेवर दोन टिचक्या दिल्या की थांबायचं. शब्द लागत नसे. मी त्या आवाजात झोपायचो आणि तो थांबला की जागा व्हायचो. दसऱ्याला घणाला हळदकुंकू लागायचं, फूल लागायचं आणि त्या दिवशी तो उचलायचा नसे. दसऱ्याच्या दुपारी मला कधी झोप लागली नाही.

आणि मायचा घण. पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. दोन्ही हात मागे जायचे, घण तिच्या पाठीमागे पार खाली उतरायचा, क्षणभर तिथे थांबल्यासारखा वाटायचा, मग खांद्यावरून गोल येऊन पडायचा. पडताना तिच्या तोंडून 'हूं' निघायचं. बाजारात चालणारी माणसं थांबून बघायची. कौतुकाने बघायची की कशाने, ते मला त्या वयातही कळत होतं असं वाटतं. बाई उभी राहून घण मारते आणि गडी बसून हातोडी वाजवतो.

ते मी कधी विसरलो नाही. सोळाव्या वर्षी पाल सोडलं, सायकलवर भंगार गोळा केलं, गल्लीगल्लीत हिंडलो, शेड घेतलं, ट्रक घेतला. प्रत्येक सौद्यात समोरच्या माणसाच्या जागी मला बा दिसायचा. बसलेला. मी त्याला दाबायचो. लोक म्हणतात हा माणूस सौद्यात दयामाया ठेवत नाही, खरं आहे.

आणखी एक गोष्ट होती, ती मी बायकोला सोडून कुणाला सांगितली नव्हती. बा मायला लोकांसमोर बोलायचा. माझी ती सगळ्यात जुनी आठवण आहे. मी मायच्या मागे बसलेलो, तिच्या लुगड्याचं टोक मुठीत धरलेलं, त्याला कोळशाचा आणि भाकरीचा वास. समोर चार-दोन शेतकरी, आपल्या कामाची वाट बघत. आणि बा मोठ्याने म्हणतोय, "घण हाय का लाटणं? पोळ्या लाटून राह्यली का?" लोक हसायचे. मायचा घण तेव्हा कपाळापर्यंतच जायचा आणि धप्पकन पडायचा. मला वाटायचं, दमली आहे. उपाशी आहे. आणि हा बसून टोमणे मारतो आहे. ते करताना तिच्या कमरेच्या बाजूने तो माझ्याकडे डोळे वटारून बघायचा, सारखा. हातातल्या लोखंडापेक्षा जास्त माझ्याकडे. या माणसाला मी नकोय, हे मला तेव्हाच पक्कं कळलं होतं.

बा जाऊन बरीच वर्षं झाली. तो गेला तेव्हा जे करायचं ते मी सगळं केलं, रीतीप्रमाणे, चोख. जालन्यात बंगला बांधला तेव्हा माय ट्रंकेतून त्याचा फोटो घेऊन आली. जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला डोंगर आणि हंस. म्हणाली, "हॉलमधी लावू."

मी म्हणालो, "ज्यानं तुला बैलासारखं राबवलं, त्याचं तोंड माझ्या भिंतीवर नको."

आवाज मोठा होता. गवंडी बाहेर काम करत होते, त्यांनीही ऐकलं. मायने फोटो पदरात गुंडाळला आणि परत ट्रंकेत ठेवला. त्या भिंतीवर मग मी एक मोठं घड्याळ लावलं. माय त्या घड्याळाकडे कधी बघत नाही. वेळ विचारायची असली तर माझ्या बायकोला विचारते.

सुरेशशेठचं ते बोलणं झाल्यावर मी मैदानावर कमी जायला लागलो. पण हट्ट सुटत नव्हता. घराच्या अंगणात जाळी बांधून घेतली, चटई आणली आणि रोज सकाळी अर्धा झोका घोटू लागलो. छातीपर्यंत हात, बस. आणि सरांचं खरं निघालं. चेंडू सरळ जायला लागला. जाळीच्या मधोमध, पुन्हा पुन्हा त्याच जागी. त्यात आनंद व्हायला हवा होता. मला मात्र प्रत्येक फटक्याला वाटायचं, एक खूण पुसली. असाच घोटत राहिलो तर महिन्याभरात कुणाला ओळखू येणार नाही की हा माणूस कुठून आला.

माय पोर्चमध्ये खुर्चीवर बसायची, ऊन खात. तिचे खांदे आता वर जात नाहीत, वेणीसुद्धा माझी बायको घालते. मी काय करतो आहे हे तिने कधी विचारलं नव्हतं. श्रीमंतांचं काहीतरी असेल, असं ती धरून चालली असावी. एके दिवशी ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मागं कोण बसलंय?"

मी वळून पाहिलं. मागे फरशी होती, तुळशीची कुंडी होती, माझ्या चपला होत्या.

"कोणी न्हाई, माय."

"मंग अर्ध्या हातानं काहून मारून राह्यला? खांदा दुखतो का?"

मी सांगितलं, सर म्हणतात मागे कमी न्यायचं. त्याने नेम सुधारतो.

तिने त्यावर विचार केला. माझ्या धंद्याच्या कुठल्याही गोष्टीवर ती असा विचार करत नाही. "सरळ जात असंल," ती म्हणाली. "पण जोर जातो. मला ठाऊक हाय ना. तुझ्यापायी मी कितीक दिवस अर्धाच घण मारला."

मी काठी खाली ठेवली.

मग ती सांगत गेली, तांदूळ निवडावेत तसं, एकेक, घाई न करता. मी लहान असताना तिला सोडून कुठे बसत नसे. गाडीत ठेवलं की रडून निळा पडायचो. एका बाजूला भट्टी, समोर ठिणग्या, सावली फक्त तिच्या मागे. म्हणून मी मागेच बसायचो, लुगडं धरून. पूर्ण घण मागे नेला असता तर तो माझ्या डोक्यावरच उतरला असता. पहिल्याच दिवशी बाने हातोडी आडवी धरून तिच्या कपाळाशी लावून दाखवली होती, इथपर्यंतच. इथून मागं न्यायचा न्हाई. अर्ध्या घणाने लोखंड लवकर दबत नाही, गार होतं, पुन्हा तापवावं लागतं. कोळसा जास्त, वेळ जास्त. जाड काम, कुऱ्हाडी, पहारी, त्या काळात बाने घेतल्याच नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचा, कोळसा ओला हाय.

"अन् तो लोकांसमोर तुला बोलायचा, ते?" माझा आवाज चढला होता. इतक्या वर्षांचा हिशेब इतक्या सहज मिटवायची माझी तयारी नव्हती.

"मंग काय बोलावं त्यानं? पोरगं मागं बसतंय म्हणून काम ढिलं हाय, असं सांगावं? लोकं उठून दुसऱ्या पालावर गेले असते. अन् गिऱ्हाईक मला बोललं असतं, बाईत जोर न्हाई, अमकं न्हाई, ते त्याला सोसत नव्हतं. एकाशी मारामारीच झाल्ती परतूरला. मंग त्याच्यापरीस हाच आधी बोलायचा. लोकं हसायची अन् गप राह्यची."

"तुला राग यायचा न्हाई?"

"यायचा की. मी म्हणायची, ये इकडं, तू मार घण, मी बसते. तर म्हणायचा, माझा नेम तुझ्यासारखा न्हाई, तुझ्या हातावर पडंल." ती हसली. तिचे पुढचे दात नाहीत, हसली की लहान मुलीसारखी दिसते. "खरंच नेम नव्हता त्याला. बसायची जागा वाईट राह्यते, बाबू. घण येतो तो बसणाऱ्याकडं येतो."

मी खाली पायरीवर बसलो. मला ते डोळे आठवले, तिच्या कमरेच्या बाजूने माझ्यावर रोखलेले. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"तुझ्याकडंच बघायचा तो," माय म्हणाली. "मला मागचं दिसत नव्हतं, त्याला दिसायचं. तू जरा सरकला की ऐरणीवर दोन टिचक्या. मी घण वरच धरायची. गुडघ्यावर डाग व्हता ना त्याच्या, केवढा? तो त्याच्यापायीच झाल्ता. नजर तुझ्यावर अन् हात ऐरणीवर. लोखंड नीट टेकलं न्हाई, माझा घण पडला, उडालं ते त्याच्या गुडघ्यावर. चामडी जळल्याचा वास आला. पण आधी त्यानं टिचक्या दिल्या, मंग सांडशी टाकली."

तो डाग मला पाठ होता. तळव्याएवढा, चकचकीत, कडेने चुरगळलेला. लहानपणी मला त्याची किळस यायची. मी बायकोला सांगून ठेवलं होतं की दारू पिऊन भट्टीत पडला होता तो. असं काही मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते स्वतः बनवलं, माझ्या रागाला शोभेल असं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं.

लाज वाटली असं लिहिलं तर ते फार लहान होईल. लाज सुरेशशेठसमोर वाटली होती, सरांसमोर विटीदांडू म्हणालो तेव्हा वाटली होती. त्या लाजेला मी ओळखतो, तिच्यावर ओरडता येतं. या लाजेवर ओरडायला कुणी समोर नव्हतं. म्हातारी ऊन खात होती, बायको आतून चहासाठी हाक मारत होती, आणि ज्या रागावर मी आयुष्यभर भाव केले त्याचा मालच खोटा निघाला होता. आणि ती? तिने कधी सांगितलं का नाही? तेही मी विचारलं. म्हणाली, "तू कधी इचारलं? फोटोच्या दिवशी मी सांगणार व्हते. पण तू लई जोरात बोलला."

बऱ्याच वर्षांपूर्वी, भंगाराच्या सौद्यासाठी मी एकदा केदारखेड्याला गेलो होतो. लिंब नव्हता. तिथे चपटी जमीन आणि एक टायर पंक्चरचं दुकान होतं. गाडीतून उतरलो नाही. आता वाटतं, उतरून ऐरणीच्या खड्ड्याची जागा शोधायला हवी होती. त्या जागेच्या एका बाजूला बा बसायचा, मध्ये माय आणि पलीकडे मी. तो आणि मी समोरासमोर होतो, इतकं तरी कळलं असतं.

त्याच दिवशी दुपारी मी घड्याळ उतरवलं. त्याचा खिळा लहान होता, फोटोची चौकट जड. बायको म्हणाली इलेक्ट्रिशियनला बोलवा, ड्रिल घेऊन येईल. मी नको म्हणालो, हळू आवाजात, त्यामुळे तिने माझ्याकडे वळून पाहिलं. माय ट्रंकेशी गेली. फोटो फडक्यात होता, आणि फडक्यात आणखी एक वस्तू होती. बाची छोटी हातोडी, दांडा हाताने काळा झालेला.

काचेतला बा खुर्चीवर ताठ बसला आहे, मागे हंस पोहतात. दोन्ही हात गुडघ्यांवर आहेत. डाग धोतराखाली असूनही डावा तळवा नेमका त्यावर. डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले, वटारलेले. कॅमेऱ्यामागे एखादं लहान पोर असेल, मला वाटलं, आणि सरकत असेल.

मी स्टुलावर चढलो. खिळा भिंतीला टेकवला. सरांचं खरं आहे, मागे कमी नेलं की नेम सुधारतो, हे मी त्यांना येत्या रविवारी सांगणार आहे. आणि विटीदांडूचं खोटं होतं, तेही, सुरेशशेठ ऐकतील एवढ्या आवाजात. सांगेन की नाही, माहीत नाही. चारचौघांत माझी जीभ भावाशिवाय दुसरं काही बोलायला शिकलेली नाही.

हातोडी उचलली आणि जुन्या सवयीने हात मागे जायला लागला, खांद्यावरून, गोल.

"सरळ हाय का बघते," माय खालून म्हणाली. आवाज अगदी जवळून आला. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, स्टुलाला हात लावून.

मी हात कपाळाशीच थांबवला, आणि अर्धाच मारला.